जेबीजचा 'डूइंग इट टू डेथ' (1973): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम मी गेली कित्येक वर्षं जो भेटेल त्याला ऐकवत आलोय. ऐकून झाल्यावर लोक जे प्रश्न विचारतात ते बहुतेक ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

हा अल्बम नेमका कुणाचा? जेम्स ब्राउनचा की आणखी कुणाचा?

रेकॉर्डवर नाव आहे 'द जेबीज'. जेबी म्हणजे फंक संगीताचा अमेरिकी गायक जेम्स ब्राउन याची आद्याक्षरं. 1970 पासून त्याच्यामागे उभा असलेला वाद्यवृंद या नावाने ओळखला जाऊ लागला आणि स्वतःच्या नावावर रेकॉर्डही काढू लागला. हा अल्बम 1973 मध्ये पीपल रेकॉर्ड्स या लेबलवर आला. तेही ब्राउनचंच लेबल, 1971 मध्ये पॉलिडॉर कंपनीच्या छत्राखाली सुरू झालेलं. म्हणजे घर ब्राउनचं, पैसा ब्राउनच्या हातात, पण दारावरची पाटी वादकांची.

माझ्या लेखी हा साथीदारांचा अल्बम आहे. आपल्याकडे मैफल संपली की गायकाचं नाव लोकांच्या तोंडी असतं आणि तबलजीचं नाव शेजारच्याला विचारावं लागतं. इथे ज्यांनी साथ करायची तेच मधोमध बसलेत.

पण शीर्षकगीतात तर ब्राउनच गातोय! मग नाव त्याचं का नाही?

बरोबर ओळखलंत, आवाज त्याचाच आहे. तरी सिंगल बाजारात आली ती 'फ्रेड वेस्ली अँड द जेबीज' या नावाने. 1973 मध्ये ती अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि सर्वसाधारण पॉप यादीत 22 व्या क्रमांकापर्यंत पोचली. एका ट्रॉम्बोनवादकाच्या नावावरचं गाणं अशा यादीत पहिलं येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

बँडच्या नावाआडून रेकॉर्ड काढायची ब्राउनची सवय मात्र जुनी. 1960 च्या सुमाराला त्याला बँडकडून 'मॅश्ड पोटेटोज' नावाची नाचाची धून रेकॉर्ड करायची होती. किंग रेकॉर्ड्सचे मालक सिड नेथन तयार होईनात. मग त्याने ती दुसऱ्या कंपनीकडून आपल्या ड्रमरच्या नावावर, 'नॅट केंड्रिक अँड द स्वान्स' म्हणून काढली आणि ती चालली. वादकांच्या जोरावर रेकॉर्ड विकली जाते हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं.

'डूइंग इट टू डेथ' म्हणजे काय? नाव ऐकून भीतीच वाटते.

मरणाशी काही संबंध नाही. आपण 'जीव तोडून काम केलं' म्हणतो तेव्हा कुणाचा जीव जात नाही, तसंच हे. एखादी गोष्ट पार टोकाला नेईपर्यंत, अंगात त्राण असेतो करत राहणं. गाण्यातला मुख्य मंत्रही आनंदाचाच आहे: आज आपण फंकी मजा करणार. बरेच लोक गाणं त्याच ओळीने ओळखतात.

फंक म्हणजे काय, हे ताल कळणाऱ्या माणसाला कसं सांगाल?

समेपासून सुरुवात करू. तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन फिरून समेवर येतं आणि आपली मान आपोआप हलते. ब्राउनच्या संगीतात चारच मात्रा मोजायच्या, आणि पहिलीवर सगळ्यांनी एकदम यायचं. तिला ही मंडळी 'द वन' म्हणतात. बूट्सी कॉलिन्स हा बास गिटारवादक पोरसवदा वयात ब्राउनकडे आला. तो मुलाखतींत सांगत आलाय की बाकी काय हवं ते वाजव, पण मला तो 'वन' दे, एवढंच ब्राउनचं मागणं असे.

आता फरक. आपल्याकडे समेची वाट पाहण्यात मजा आहे. गायक लांबवतो, चुकवल्यासारखं करतो आणि अलगद येऊन बसतो. फंकमध्ये सम दर दोन सेकंदांनी येते, त्यामुळे वाट पाहायला वेळच नाही. मजा असते ती दोन समांच्या मधल्या फटीत. तिथे गिटार खरडते, ड्रम कुजबुजतात, बास तिरका चालतो आणि ब्रासची वाद्यं मधूनच एक फटकारा मारून गप्प होतात. स्वरसंगती बहुतेक एकच, मिनिटामागून मिनिटं तीच. कॉर्ड बदलणार या आशेने ऐकलंत तर कंटाळाल. लग्गी ऐकतो तसं ऐका.

ट्रॉम्बोन कोणता? सॅक्सोफोन कोणता? कानाला वेगळे कसे करायचे?

ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळी पुढेमागे सरकवत वाजवायचं ते पितळी वाद्य. त्याला पडदे नाहीत, म्हणून स्वरावरून स्वरावर घसरत जाता येतं, मींडेसारखं. आवाज भरदार, पुरुषी, किंचित घोगरा. इथे तो फ्रेड वेस्ली वाजवतो.

ऑल्टो सॅक्सोफोन त्याहून वरच्या पट्टीतला, धारदार आणि बोलका. तो मेसिओ पार्करचा. सेंट क्लेअर पिंकनीचा टेनर सॅक्स ऑल्टोच्या खालचा, जाडसर. ट्रम्पेट सगळ्यांवरून चिरत जातो. अमेरिकेत या सगळ्या फुंकवाद्यांना मिळून 'हॉर्न्स' म्हणतात, आणि जेबीजची ओळख या हॉर्न्सनीच घडवली. लांबलचक सुरावटी फार कमी. दोन-तीन स्वरांचे तुकडे, सगळ्यांचे एका श्वासात सुरू आणि एका श्वासात बंद. स्वर सुरू कुठे होतो याहून तो तुटतो कुठे याकडे कान द्या, चार माणसांची तोंडं एकाच क्षणी मिटलेली ऐकू येतील.

फ्रेड वेस्ली कोण?

1943 चा जन्म, वाढला अलाबामा राज्यातल्या मोबिल शहरात. मन जॅझमध्ये. 1968 मध्ये ब्राउनच्या बँडमध्ये आला, 1970 मध्ये सोडून गेला, काही महिन्यांत परतला आणि मग बँडचा संगीत संयोजक झाला. काम मोठं विचित्र होतं. ब्राउनला स्वरलिपीशी फारसं देणंघेणं नव्हतं. तो तोंडाने हुंकार काढून, गुणगुणून, हातवारे करून दाखवायचा की मला असं हवं. त्या हुंकाराचे स्वर करायचे, ते हॉर्न्समध्ये वाटायचे आणि बँडकडून घोटून घ्यायचे, ही जबाबदारी वेस्लीची. अशा नोकरीत डोकं शाबूत ठेवून इतकं नेटकं काम केलं, याबद्दल मला त्या माणसाविषयी फार आदर आहे.

1975 मध्ये त्याने ब्राउनला कायमचं सोडलं आणि तो फंकचाच आणखी एक म्होरक्या जॉर्ज क्लिंटन याच्या ताफ्यात गेला. पुढे काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रातही वाजवलं, म्हणजे जॅझची जुनी इच्छा पुरी झाली. 2002 मध्ये आत्मचरित्र आलं. त्याच्या उपशीर्षकात त्याने स्वतःला 'साइडमन', म्हणजे साथीदारच म्हटलंय.

आणि मेसिओ?

नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनचा, वेस्लीच्याच वयाचा. भाऊ मेल्विन ड्रमर. ब्राउनने दोघांना एकदमच घेतलं होतं. ब्राउनच्या कितीतरी रेकॉर्डवर गाणं रंगात आलं की 'मेसिओ!' अशी हाक येते आणि पाठोपाठ सॅक्स बोलू लागतो. जगभरच्या श्रोत्यांना एका साथीदाराचं पाळण्यातलं नाव पाठ झालं ते या हाकेमुळे.

1970 मध्ये तोही बाहेर पडला होता. 'मेसिओ अँड ऑल द किंग्ज मेन' नावाने त्याने स्वतःचा संच काढला, पण तो फार तगला नाही. 1973 च्या सुरुवातीला तो परत आला. या अल्बमची वेळ म्हणूनच इतकी नामी. वेस्ली संयोजक म्हणून मुरलेला, आणि मेसिओ नुकताच घरी आलेला. शीर्षकगीतात दोघांचे एकल तुकडे आहेत. ट्रॉम्बोन पायऱ्या उतरल्यासारखा सावकाश बोलतो, सॅक्स त्याच पायऱ्यांवरून उड्या मारत जातो.

1970 मध्ये सगळे एकदम का सोडून गेले?

पैसा आणि मानहानी. ब्राउनच्या बँडमध्ये दंडाची पद्धत होती. स्वर चुकला दंड, उशीर झाला दंड, बूट चमकत नसले तरी दंड. कार्यक्रम चालू असताना, नाचता नाचता, ब्राउन चुकणाऱ्याकडे वळून पंजा उघडून दाखवायचा. एकदा उघडला की पाच डॉलर, दोनदा उघडला की दहा. प्रेक्षकांना वाटायचं हाही नृत्याचाच भाग.

मार्च 1970 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी कार्यक्रमाआधी वादकांनी मागण्या पुढे ठेवल्या. ब्राउन नमला नाही. त्याचा जुना सहकारी बॉबी बर्ड याच्याकरवी त्याने सिनसिनाटीहून 'पेसमेकर्स' नावाचा पोरांचा बँड स्वतःच्या विमानाने मागवून घेतला. त्यात बूट्सी आणि त्याचा थोरला भाऊ कॅटफिश कॉलिन्स होते. पोरं उतरली आणि आदल्या दिवसापर्यंत ज्यांना ती देव मानत होती त्याच वादकांच्या जागी उभी राहिली. जेबीज जन्माला आला तो असा.

या शिस्तीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. 'म्हणूनच इतकं अचूक वाजवायचे' म्हणतात. मला ते पटत नाही. दंडाच्या धाकाने माणूस चुका टाळेल, पण वेस्लीचा तो एकल तुकडा धाकातून येत नाही. तो रोजच्या रियाजातून आणि शेजारच्यावरच्या भरवशातून येतो. पोटापाण्याचा हिशेब नीट झाला असता तर हीच माणसं आणखी बरीच वर्षं एकत्र राहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे या अल्बमवर बास बूट्सीच वाजवतोय?

नाही. ही चूक फार ऐकू येते. बूट्सी वर्षभरच राहिला आणि 1971 मध्ये गेला. इथे बास फ्रेड थॉमसचा आहे. बूट्सी उसळतो, थॉमस जमिनीला धरून चालतो. गिटारवर जिमी नोलन आहे, तारांवर बोटं अर्धवट दाबून खरडण्याच्या ज्या शैलीला 'चिकन स्क्रॅच' म्हणतात तिचा जनक. त्याच्या जोडीला हर्लन 'चीज' मार्टिन. ड्रमवर जॉन 'जॅबो' स्टार्क्स. तो आधी ब्लूज गायक बॉबी ब्लँडकडे वाजवायचा, आणि ब्लूजमधला तो झोका त्याच्या हातातून कधी गेला नाही. शीर्षकगीत ताठ कवायतीसारखं न चालता किंचित डुलत चालतं ते त्याच्यामुळे.

शीर्षकगीतात मध्येच काहीतरी 'खाली पडल्यासारखं' होतं. ते काय आहे?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार आनंद होतो. अल्बममधली माझी सगळ्यात आवडती जागा ती.

गाणं सुरू होतं पांढरी चारमध्ये, पाश्चात्त्य भाषेत एफ. मिनिटामागून मिनिटं तोच षड्ज, तेच चक्र, कानाला त्याची सवय होते. मग ब्राउन सांगू लागतो की मला 'गेट डाउन' व्हायचं तर डी मध्ये जावं लागेल. 'गेट डाउन' म्हणजे मोकळं होऊन नाचणं, अंग झोकून देणं. शब्दशः बघितलं तर खाली उतरणं. तो दोन्ही अर्थांशी खेळतोय. पुन्हा डी मागतो, आणखी एकदा मागतो, बँड अजून चारवरच. आणि मग इशारा मिळतो आणि सगळा वाद्यवृंद एका पावलात पांढरी दोनवर उतरतो.

पॉप गाण्यांत स्वर बदलतो तो बहुतेक वेळा वर जातो. शेवटचं कडवं एक पट्टी चढवून गायचं म्हणजे जोश वाढतो, हा नेहमीचा उपाय. इथे उलटं आहे. स्वर खाली जातो आणि तरी जोर वाढतो. बास आता पोटात वाजतो, ब्रास गडद होते, आणि त्याच शब्दांना वेगळंच वजन येतं. हार्मोनियम वाजवणाऱ्या कुणाला शेजारी बसवून ही जागा ऐकवा. मी ऐकवली तेव्हा आमच्या शेजारच्या काकांची बोटं मांडीवर चालत होती. स्वर बदलला तशी ती थबकली, दोन पट्ट्या डावीकडे सरकली आणि पुन्हा चालू लागली.

वॉटरगेटचं ते लांबलचक नाव काय भानगड आहे?

अल्बममधल्या एका धुनेच्या नावाचा मराठी भावार्थ सांगायचा तर: तुमचं वॉटरगेट तुम्हालाच लखलाभ, मला चार पैसे द्या म्हणजे माझं भागलं.

वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली ती जून 1972 मध्ये. मे 1973 पासून सिनेटची चौकशी टीव्हीवर थेट दिसू लागली आणि अख्खा देश पडद्यासमोर बसला. त्यात ब्राउनची स्वतःची अडचण होती. ज्याच्या माणसांवर या घुसखोरीचा ठपका होता त्या राष्ट्राध्यक्ष निक्सनला त्याने 1972 च्या निवडणुकीत उघड पाठिंबा दिला होता आणि त्याच्या कित्येक कृष्णवर्णीय चाहत्यांना ते झोंबलं होतं. अशा वेळी हे नाव आलं. त्यात राजकीय भूमिका शोधणारे शोधतात. मला त्यात ज्याच्या खिशात भाडं भरायला पैसे नाहीत त्याचा आवाज ऐकू येतो. त्याला टीव्हीवरच्या साक्षीपुराव्यांचं काय? वादकांच्या पगाराचा इतिहास ठाऊक असला की ते 'चार पैसे' आणखी बोचतात.

'मोअर पीज' हे नाव खाण्यावरून आहे का?

हो. आधीच्या वर्षी, 1972 मध्ये, जेबीजचा 'फूड फॉर थॉट' अल्बम आला. त्यात 'पास द पीज' ही त्यांची सर्वांत लाडकी धून आहे, जिच्या सुरुवातीला मंडळी जेवणाच्या गप्पा मारतात. 'मोअर पीज' म्हणजे त्याच पंगतीचं पुढचं वाढप. पीज म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर मटार येतो, पण अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या स्वयंपाकघरात बहुधा शिजते ती चवळी. तेव्हा 'जरा चवळी इकडे सरकव' असं मनात धरून ऐका, जास्त घरगुती वाटेल.

इंग्रजी बोल कळले नाहीत तर बिघडतं का?

मुळीच नाही. बोल मूठभर, तेही पुन्हा पुन्हा. 'सकर'सारखी धून तर वाद्यांच्याच जिवावर चालते. ब्राउनचे हुंकार, आरोळ्या, नावाने मारलेल्या हाका यांना शब्द न मानता आणखी एक ढोलकं माना.

हिपहॉपवाले या बँडचं नाव सारखं का घेतात?

1980 च्या दशकात सॅम्पलर यंत्रं स्वस्त झाली आणि जुन्या रेकॉर्डवरचे दोन-चार सेकंद कापून त्यावर नवीन गाणं उभारता येऊ लागलं. जेबीजच्या धुना त्यासाठी जणू तयारच होत्या: चक्र तेच, ठोका पक्का, मध्ये भरपूर मोकळी जागा. पब्लिक एनिमी या गटाच्या 1987 च्या 'रिबेल विदाउट अ पॉज'मध्ये किटलीच्या शिटीसारखा जो चीत्कार सतत ऐकू येतो तो जेबीजच्या 1970 च्या 'द ग्रंट'मधला आहे. ज्यांच्या श्वासावर ही गाणी उभी राहिली त्या वादकांना त्यातून फारसं काही मिळालं नाही, हेही सांगायला हवं.

मोबाइलवर ऐकला, काही विशेष वाटलं नाही.

मोबाइलच्या स्पीकरमधून फ्रेड थॉमस ऐकूच येत नाही आणि तो गेला की जमीनच गेली. साधे, तारेचे का होईना, पण हेडफोन लावा, किंवा घरातला मोठा स्पीकर काढा. आवाज थोडा वाढवा. आणि बसून ऐकू नका. स्वयंपाक करता करता, घर झाडता झाडता ऐका.

पहिल्या वेळी फक्त बास धरा. दुसऱ्या वेळी फक्त नोलनची गिटार, उंदराने काहीतरी कुरतडावं तशी ती अखंड चालू असते. तिसऱ्या वेळी हॉर्न्स. गाणं सुमारे दहा मिनिटांचं आहे, तेव्हा तीन वेळा म्हणजे अर्धा तास. त्यानंतरही नाही आवडला तर मी आग्रह करणार नाही.

आवडला! पुढे काय ऐकू?

मागे जायचं तर वर सांगितलेला 'फूड फॉर थॉट'. पुढे जायचं तर 1974 चा 'डॅम राइट आय ॲम समबडी', त्यातल्या 'ब्लो युअर हेड'मध्ये सिंथेसायझर अक्षरशः किंचाळतो. सगळं एका ठिकाणी हवं असेल तर 1995 मध्ये आलेला 'फंकी गुड टाइम' हा दोन डिस्कचा संग्रह घ्या.

आणि वेस्ली, मेसिओ ब्राउनच्या सावलीतून बाहेर आल्यावर कसे वाजवतात हे ऐकायचं असेल तर मेसिओचा 1992 चा 'लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह' लावा. जर्मनीतल्या कोलोन शहरात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेला. त्यातही 'पास द पीज' आहे, वीस वर्षांनी, चांगली अकरा-एक मिनिटं. मागून ओरडणारा ब्राउन नाही, दंडाचा पंजा नाही. वेस्लीचा ट्रॉम्बोन बोलतो, मेसिओ त्याला उत्तर देतो, आणि कोलोनची पब्लिक चवळी मागत राहते.